पुंजारामचं ऊन

गोजरबाईला एखादी गोष्ट पटली की पटली. मग ब्रह्मदेव खाली उतरला तरी ती ऐकायची नाही. मागच्या साली तिचे गुडघे धरले होते. डॉक्टरनं सांगितलं, अंगाला ऊन लागलं की कातडीतच 'ड' जीवनसत्त्व तयार होतं, त्यानं हाडं घट्ट होतात; उन्हात बसत जा, दूध पी. बाई उन्हात बसली, दूध प्याली अन् खरोखर तुरुतुरु चालायला लागली. आता सांगा, अशा बाईला कोण समजावणार?

तिचा नवरा पुंजाराम, अंकुशनगरला साखर कारखान्यावर जन्मभर ऊस उतरवलेला गडी. आता त्याच्या किडन्या गेल्या होत्या. आठवड्यातून दोनदा जालन्याला मशीनवर रक्त धुवून आणायचं. गोजरबाईनं आपली किडनी देऊ केली होती, पण तिच्या अंगात साखर निघाली अन् डॉक्टरांनी नको म्हटलं. तेव्हा ती रडली नाही, नुसती चिडली. त्यात आता म्हाताऱ्याची हाडं दुखायला लागली. बसला तरी कण्हायचा, उठला तरी कण्हायचा.

"आत्याबाई, मामंजीला दूध बंद सांगितलंय," सून तृप्ती बजावून बजावून थकली.

"दुधानं कोण मेलंय गं? जल्माला आलं की माणूस पहिलं दूधच पेतं!"

तृप्ती कामाला गेली की बाईचं राज्य सुरू. खाट अंगणात ओढायची, नवऱ्याचा सदरा काढायचा, पेलाभर दूध पाजायचं. सावली आली की खाट पुन्हा उन्हात सरकवायची.

"गोजरे, मी तर जल्मभर उन्हातच वाळलो," पुंजाराम म्हणायचा. "माझी हाडं लोखंडाची पायजे व्हती."

"तुमी गप पडा. मला गुण आलाय, तुमाला बी येतो."

त्या दिवशी सावली अंगावर आली अन् खाट काही एकटीनं हलेना. "अवं, जरा उठा, जल्दी सरकवते," म्हणत तिनं त्याच्या काखेत हात घालून त्याला उभं केलं. पुंजारामनं पायावर भार टाकला अन् मांडीत कट्कन आवाज झाला. पडला नाही हो तो! नुसता उभा राहिला अन् हाड मोडलं, तिच्या हातात.

जालन्याच्या दवाखान्यातली डॉक्टरीण तरुण होती, पण तिनं शांतपणे सगळं सांगितलं. "मावशी, उन्हानं कातडीत जे तयार होतं ते कच्चं असतं. ते आधी यकृतात जातं, मग किडनीत. किडनीनं पक्कं केलं तरच खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागतं. काकांच्यात ते शेवटचं कामच होत नाही. वर दुधातलं फॉस्फरस रक्तात साठत जातं, मग शरीर हाडातलंच कॅल्शियम काढून घेतं. पक्क्या जीवनसत्त्वाची गोळी आपण देतोय, पण हाडं आधीच पोकळ झालीत."

"म्हंजे माझ्या दुधानं मोडलं?"

"एकट्या दुधानं नाही. हे फार दिवसांचं आहे."

पण गोजरबाईला तेवढंच ऐकू आलं. बाई, बाई, बाई! ज्याला उभं करायला धडपडली त्यालाच आडवं केलं.

"मंग हाड जोडा ना."

"हृदय फार कमजोर आहे, मावशी. भूल दिली तर ते उठणारच नाहीत."

गोजरबाईनं चोळीची बाही वर सारली अन् रापलेला हात डॉक्टरणीच्या टेबलावर ठेवला.

"माझ्यात तर बराबर पक्कं व्हतंय ना? किडनी न्हाई घेतली, मंग हे तरी घ्या. लागंल तेवढं रगत काढा अन् त्यायला द्या."

"असं देता येत नाही, मावशी."

"थोडंबी न्हाई?"

"नाही हो."

डॉक्टरीण उठून पुंजारामकडं गेली. गोजरबाईनं हात काही मागं घेतला नाही.