साहेबांच्या डोक्यातली गुणपत्रिका

मी बोलतोय! अहो, इकडेतिकडे काय बघताय? केळींच्या पलीकडे दोन्ही हात पसरून उभा आहे ना, तोच मी. सांडोरच्या थॉमसच्या वाडीतलं बुजगावणं. पण तोंडावर बुजगावणं म्हणू नका, मला राग येतो. या वाडीत मला सगळे 'साहेब' म्हणतात, कारण माझ्या अंगात कोट आहे. कोटाला एक बाही कमी आहे, हे कबूल. पण पुष्कळ साहेबांमध्ये बाहीपेक्षा महत्त्वाच्या गोष्टी कमी असतात, त्यांना कोण विचारतं?

माझा जन्म थॉमसच्या वडिलांच्या, म्हणजे आग्नेलच्या हातून झाला. विहिरीवर पंप बसला आणि बिचारा रहाट घरी बसला. त्या रहाटाच्या दांड्याचा माझा कणा. हात बांबूचे, डोकं गोणपाटाचं आणि कोट आग्नेलच्या लग्नातला. "लग्नातला कोट कावळ्यांना दाखवता होय?" म्हणून त्याच्या बायकोनं दोन दिवस अबोला धरला होता. तिसऱ्या दिवशी तिनंच येऊन माझं तुटलेलं बटण लावून दिलं. तेव्हापासून मला माणसांच्या रागाची फारशी भीती वाटत नाही.

आता माझ्या शिक्षणाविषयी. हसू नका, मी शिकलेला आहे. दरवर्षी पाऊस सरला की माझं डोकं उसवतात, आतला कुजका माल काढतात आणि केळीच्या खोडाची वाळकी सोपटं आणि घरातली रद्दी नव्यानं भरतात. एका वर्षी वर्तमानपत्रं, एका वर्षी लग्नाच्या पत्रिका, मग थॉमसच्या शाळेच्या वह्या. अर्धं मी शिकलो, अर्धं उंदीर शिकले. त्यामुळे मला भूगोलातल्या नद्या उगमापासून मधल्या गावापर्यंतच माहीत आहेत. पुढे त्या समुद्राला मिळाल्या की नाही, ते उंदरांना विचारा.

फक्त एक कागद माझ्या मानेच्या शिवणीपाशी वर्षानुवर्षं तसाच आहे, चौघडी घातलेला. थॉमस दरवर्षी डोकं उसवतो, त्या कागदाला बोट लागलं की आजूबाजूला बघतो आणि हळूच परत आत सारतो. त्याचं मागाहून सांगतो. थोडं ताणून धरल्याशिवाय मजा नाही.

माझं काम कावळे हाकलण्याचं, असं थॉमसला वाटतं. कावळ्यांना तसं वाटत नाही. ते माझ्या खांद्यावर बसून थॉमस केव्हा जेवायला जातो ते बघतात. मी माणसांना मात्र छान फसवतो. मागे नव्या इमारतीतले एक गृहस्थ स्कूटरवरून आले. संध्याकाळची वेळ, त्यात डोळ्यांवर काळा चष्मा. मला म्हणतात, "काका, निर्मळला कुठून जायचं?" वाऱ्यानं माझा हात बावखलाकडे वळवला. आमच्या वाडीतलं तळं हो ते! गृहस्थ गेले की सरळ! गुडघाभर चिखलातून स्कूटर ढकलत परत आले आणि जाताना मला "थँक यू" म्हणाले. इतका सभ्य माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

पावसाळ्यात मला सुट्टी. वाडीच्या टोकाला पंपाची खोली आहे, तिथे मला भिंतीला टेकवून ठेवतात. पावसात पंप बंद, म्हणून तिकडे कुणी फिरकत नाही. मागच्या वर्षी मात्र सप्टेंबरमध्ये एका सकाळी दार करकरलं आणि थॉमसची जीना आत आली.

जीना म्हणजे इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेली पोर. पाठीवर कॉलेजची बॅग, हातात डबा. तिनं दार लावलं, उलट्या बादलीवर बसली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "साहेब, कुणाला सांगू नका हं."

मी कुणाला सांगणार? माझं तोंड कोळशानं काढलेलं आहे.

तिनं बॅगेतून एक कागद काढला, बघितला, घडी केला, पुन्हा उघडला. जणू घडी करताना आकडे बदलतील. मग उठली, माझ्या मानेची शिवण दोन टाके उसवली आणि कागद आत कोंबला. गुणपत्रिका होती. चार विषयांत नापास. चारच्या चार माझ्या डोक्यात! त्या दिवसापासून मी पण इंजिनिअरिंगचा विद्यार्थी झालो, आणि पहिल्याच दिवशी नापास. इतक्या वेगानं शिकलेला माणूस सांडोरमध्ये दुसरा नसेल.

चार विषय गेले म्हणजे पुढच्या वर्षात बसू देत नाहीत. वर्षभर घरी राहून ते विषय सोडवायचे. पण 'घरी राहायचं' तर घरी सांगायला हवं. जीनानं सांगितलं नव्हतं. रोज सकाळी तिची आई रोझलिन डबा भरून द्यायची, थॉमस फाटकाशी "नीट जा गं" म्हणायचा आणि ही मागच्या वाटेनं वळसा घालून माझ्याकडे यायची.

पहिले चार दिवस ती नुसती झोपली. खताच्या रिकाम्या गोणीवर, बॅगेवर डोकं ठेवून. दहावीपासून पोर धावत होती. आधी क्लास, मग क्लासचा क्लास, मग कॉलेज, सबमिशन आणि घरी आल्यावर पुन्हा टेबल. आळशी असती तर मी तिला चिडवलंही असतं. पण हिला सगळं येत होतं. पाचव्या दिवशी तिनं मला स्वतःच सांगितलं.

"साहेब, पेपर समोर होता. प्रश्न ओळखीचे होते. पण हातच हलेना. तीन तास मी पेनाच्या टोपणाकडे बघत बसले हो."

हात हलत नाही म्हणजे काय, हे मला विचारा! जन्मभर तोच धंदा केलाय.

मग ती पुस्तक उघडायला लागली. एकच पान. तासभर तेच पान. माझं पाठ झालं, तिचं होईना. दुपारी डबा उघडायची, दोन घास खायची आणि रडायची. "मम्मीनं कोलंबीचं सुकं दिलंय. मी कॉलेजला दमते म्हणून." उरलेलं माझ्या पायाशी मुंग्यांना मिळायचं. त्या पावसाळ्यात आमच्याकडच्या मुंग्या इतक्या धष्टपुष्ट झाल्या की रांगेत चालेनात.

विनोद जाऊ दे. खरी गोष्ट अशी की माझ्या डोक्यात बॉम्ब होता. पाऊस संपला की पंप सुरू होणार, दार उघडणार, थॉमस मला बाहेर काढणार आणि डोकं उसवणार. जीनाला ते ठाऊक होतं. रोज ती दारातून आभाळ बघायची. सगळी वाडी पाऊस थांबायची वाट बघत होती आणि ही एकटी, तो थांबू नये म्हणून प्रार्थना करत होती. आभाळातला बाप तरी कुणाचं ऐकणार?

ऑक्टोबर लागला आणि ऊन कडक पडलं. निर्मळहून फेलिशिया आत्या आली. थॉमसची थोरली बहीण. सुकेळी करावीत तर तिनंच. पिकलेली राजेळी केळी सोलून बांबूच्या माचीवर आठवडाभर उन्हात वाळवतात, ती सुकेळी. मधासारखा रंग येतो आणि गोडी अशी की खाणारा बोटं सोडत नाही. आत्याची जीभ मात्र सुकेळ्यासारखी नाही. कुणालाही सोडत नाही.

शनिवार होता, कॉलेजला सुट्टी. खोट्या कॉलेजलाही सुट्टी असतेच ना! आत्यानं माची माझ्या खोलीसमोर मांडली. दार उघडं होतं, म्हणून मला सगळं दिसलं.

"जीने, संध्याकाळी ऊन उतरलं की सगळी केळी कापडात गुंडाळून टोपलीत ठेवायची. सकाळी पुन्हा बाहेर. समजलं?"

"हो आत्या."

पण जीनाला घाई. घरच्यांना फसवतेय या विचारानं तिला काहीतरी भरपूर काम करून दाखवायचं होतं. आत्या दुपारची निर्मळला परत गेल्यावर तिनं निम्मी केळी उचलली आणि पंपाच्या खोलीच्या तापलेल्या पत्र्यावर पसरली. संध्याकाळी गुंडाळलीही नाहीत. रविवारी चर्चमधला मिस्सा आटपून पुन्हा आली आणि दिवसभर त्यांना उलटत बसली. आठवड्याचं काम दोन दिवसांत! इंजिनिअरच ती.

सोमवारी सकाळी ती नेहमीसारखी बॅग घेऊन निघाली आणि वाटेत फेलिशिया आत्याच्या हाती सापडली. आत्याच्या हातात एक केळं होतं.

"हे काय गं? दाराला अडसर लावायला केलंस?" तिनं ते केळं माचीच्या बांबूवर आपटलं. टक् असा आवाज आला. मग मोडून दाखवलं. बाहेरून लाकूड, आतून कच्चं, चिकट.

"लवकर व्हावीत म्हणून..."

"लवकर? अगं, नुसत्या उन्हानं सुकेळं होत नाही. ऊन दाखवायचं आणि झाकायचं. पुन्हा ऊन, पुन्हा झाकायचं. रात्री गुंडाळलेलं असतं ना, तेव्हा आतला गोडवा वर येतो. न झाकता तापवत ठेवलंस तर असा दगड होतो. तुझ्या आजीला विचारलं असतंस तर तिनं कान उपटला असता."

जीना त्या मोडक्या केळ्याकडे बघत राहिली. आणि एकदम मोठ्यानं रडायला लागली. बॅग खाली पडली.

आत्या घाबरली. "अगं माझे बाय, एका केळ्यासाठी? डझनभर असतील फार तर! थॉमस, ए थॉमस, इकडे ये रे!"

थॉमस आला तो थेट पंपाच्या खोलीत शिरला, कारण फुकट गेलेल्या केळ्यांवर कावळे जमले होते आणि त्याला साहेब हवे होते. मला काखेत मारून बाहेर आणलं. दुसऱ्या हातात सोपटांचा भारा. "काय झालं हिला? कॉलेजला उशीर होतोय ना?" असं म्हणत त्यानं सवयीनं माझ्या मानेवर बोट ठेवलं. शिवण सैल होती.

"कुणी उसवलं हे?"

मी आयुष्यात कधी देवाकडे काही मागितलं नाही. त्या क्षणी एक जोराचा वारा मागितला. आला नाही.

त्याचं बोट आत जाणार, तेवढ्यात जीना म्हणाली, "पप्पा, थांबा. आत माझी गुणपत्रिका आहे. काढू नका. मी सांगते."

आणि तिनं सांगितलं. चार विषय. दीड महिना. पंपाची खोली. कोलंबीचं सुकं. टोपणाकडे बघत घालवलेले तीन तास. सांगताना ती माझ्याकडे बघत होती, कारण बापाकडे बघवत नव्हतं. सरावच झाला होता तिला माझा.

थॉमसचं बोट आता माझ्या मानेत होतं, जुन्या चौघडीला टेकलेलं. मला त्याची नाडी लागत होती. धाडधाड.

आत्यालाच राहवलं नाही. "चार विषय म्हणालीस? आणि कागद साहेबांच्या डोक्यात? मग थॉमस, नवी रद्दी कशाला भरतोस? चार चार नापास बघून कावळे आपोआप पळतील."

आधी कुणी हसलं नाही. मग जीनाच्या नाकातून फुर्रकन आवाज निघाला. तो रडण्याचा होता की हसण्याचा, ते तिलाही कळलं नसेल.

थॉमस खाली बसला. "दीड महिना इथं एकटी बसलीस?"

"साहेब होते."

"साहेब!" तो म्हणाला. "अगं, या खोलीत दुपारी नाग येतो. मला सांगायला काय झालं होतं?"

"तुम्ही चर्चमध्ये सगळ्यांना सांगता ना, आमची जीना इंजिनिअर होणार."

थॉमसनं तोंडावरून हात फिरवला. "मी तर हेही सांगतो की माझा घसा फार चांगला आहे. कॉयरमधून तीन वेळा काढलंय मला." मग म्हणाला, "सांगायचं माझं बंद. तू आधी पोटभर जेव. मम्मीला आपण दोघं मिळून सांगू. मी पुढे राहतो, तू मागे राहा."

रोझलिननं सगळं ऐकलं. चार विषयांचं तिला फारसं काही वाटलं नाही. पण कोलंबी मुंग्यांना गेली, हे तिनं अजून माफ केलेलं नाही.

पुढचं वर्ष मी डोळ्यांनी पाहिलं, कारण जीनाचं टेबल माचीशेजारी आलं आणि मी राखणीला. ते टेबल, त्या वेळा, सगळं आत्यानं ठरवलं. सकाळी केळी बाहेर, पुस्तक बाहेर. संध्याकाळी केळी गुंडाळली की पुस्तकही बंद. एकदा जीना चोरून आणखी एक धडा वाचत होती, तर आत्यानं पुस्तक कापडात गुंडाळून केळ्यांच्या टोपलीत ठेवलं. त्या पुस्तकाला अजून राजेळीचा वास येतो. कॉलेजच्या समुपदेशक बाईंकडेही ती महिन्यातून दोनदा जाऊन यायची. त्या बाईंना आत्यानं सुकेळी पाठवली, आणि वर निरोप, की उपदेश करून घसा सुकला तर खा.

डिसेंबरात जीना दोनच विषयांना बसली. दोन्ही सुटले. मे महिन्यात आणखी दोन दिले, त्यातला एक सुटला. एक राहिलाय. गणित. निकालाच्या दिवशी ती कागद फडकवत वाडीत आली आणि लांबूनच ओरडली, "पप्पा, गणित पुन्हा गेलं! बाकीचं पास! पुढच्या वर्गात बसू देतायत!" अख्ख्या सांडोरला ऐकू गेलं. नापास झाल्याचं इतक्या आनंदानं सांगणारं माणूस कावळ्यांनीही पाहिलं नव्हतं. दोन तर खरोखर उडून गेले. माझ्या नोकरीतला तो पहिला विजय.

आता ती पुन्हा कॉलेजला जाते. खऱ्याखुऱ्या कॉलेजला. डबा रिकामा परत येतो आणि मुंग्या बारीक झाल्यात. मी म्हातारा झालोय. कण्याला वाळवी लागलीय, दुसरी बाहीही जायला आलीय. अजून एखादा पावसाळा काढीन. तुमच्याही खिशात असा एखादा कागद असेल तर घेऊन या, डोक्यात जागा आहे. झोपायला गोणीही मिळेल. फक्त माझं डोकं कुणी उसवायच्या आत एका तरी माणसाला सांगून टाका. नाग खरोखर येतो हो तिथे, थाप नाही.

हां, ती जुनी चौघडी राहिली. ती आहे दहावीची गुणपत्रिका. नाव, थॉमस आग्नेल. गणितात एकोणीस. शंभरपैकी. आग्नेल मरेपर्यंत समजत होता की त्या वर्षी बोर्डाकडून कागद हरवला.

यंदाही पाऊस सरलाय. थॉमस भारा घेऊन येतोय, बरोबर जीना आहे, हातात सुई-दोरा. ये बाबा, ये. तुझी पोर बोलून मोकळी झाली, आता तुझी पाळी. काढ तो कागद आणि दाखव तिला. तिला गणितात तुझ्यापेक्षा चार जास्त आहेत!