मी आहे, कशावरून?

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी खुर्ची आहे. यातला 'आहे' मी मुद्दाम ठासून म्हणते, कारण माझं अख्खं आयुष्य विद्यापीठाच्या तत्त्वज्ञान विभागात गेलं आणि तिथे नेमका त्याच शब्दावर कुणाचा विश्वास नव्हता.

सुताराने मला घडवलं तेव्हा स्वतः बसून पाहिलं होतं. जरा मागेपुढे डुलला आणि "झकास!" म्हणाला. मला मिळालेलं कौतुक तेवढंच. मग मी पहिल्या वर्षाच्या वर्गात आले आणि कशावरून सरांच्या पदरी पडले. सरांचं हे नाव मुलांनीच पाडलं होतं. दर वर्षी पहिल्या तासाला ते माझ्यावर ऐसपैस बसत आणि माझ्याच हातावर थाप मारून विचारत, "ही खुर्ची आहे. कशावरून?"

अहो, मग तुमचं एवढं वजन पेलतंय कोण? मुलं आ वासून ऐकत आणि माझा नुसता तिळपापड होई. बोलता येत नाही, म्हणून मी करकरत असे.

ती करकर पहिल्या बाकावरच्या एका मुलीला कळली. उभी राहून म्हणाली, "सर, खुर्चीचा मागचा पाय हलतोय. स्क्रू ढिला झालाय बहुतेक."

"हलतोय? कशावरून?" सर म्हणाले आणि सगळा वर्ग खो खो हसला. ती लालबुंद होऊन खाली बसली. त्यानंतर तिने वर्गात तोंड उघडलं नाही. मला त्या हसण्याचा राग अजून येतो. पोरगी खरं बोलली होती हो!

पुढे मला वरच्या मजल्यावर, एम.ए.च्या चर्चासत्राच्या खोलीत नेलं. ती मुलगीही शिकत शिकत तिथवर आली. एकदा विषय निघाला, या खुर्चीचा पाय बदलला तर ती तीच खुर्ची राहील का? दुपारभर वाद चालला. अरे, आधी बदला तरी! वादाच्या भरात सर तावातावाने मागे रेलले आणि धाडकन खाली आदळले.

थोड्या वेळाने, बातमी घरी पोचताच, सरांच्या बायकोचा, म्हणजे काकूंचा फोन आला. "अहो, पडलात कशावरून?"

कंबर धरून सर ओरडले, "या खुर्चीवरून! हिच्यावरूनच!"

बघा! इतकी वर्षं मी आहे की नाही हे ठरत नव्हतं. दोष द्यायची वेळ येताच एका क्षणात ठरलं. त्याच दिवशी मला दाराबाहेर भंगारात टाकलं.

आत नवी खुर्ची आली. सरांची थाप मला बाहेर ऐकू आली. "ही खुर्ची आहे. कशावरून?"

"हिचं माहीत नाही, सर," त्याच मुलीचा आवाज आला. "पण ती होती."

"कशावरून?"

"तुम्ही पडलात, त्यावरून."

या वेळी कुणी हसलं नाही.

मित्रांनो, शंका जरूर घ्या, पण जिच्यावर बसून ती घेता, त्या खुर्चीचा स्क्रू आधी आवळा. आणि त्या गुणी पोरीला कुणीतरी सांगा, 'होती' नव्हे, बाई. मी इथेच दाराबाहेर आहे. पाय अजून हलतोय.