माई रुतेंदोचा आवळ टाका

आमच्याकडे जून म्हणजे ऐन हिवाळा; न्यांगाच्या डोंगरात त्या महिन्यात अंगणातलं पाणीसुद्धा गोठतं. नेमक्या त्याच महिन्यात आमच्या चर्चला नवे पाळक मिळाले. चाउके त्यांचं नाव, आणि आले होते खालच्या तापलेल्या मुलखातून, चिरेद्झीहून. पहिल्या रविवारी आशीर्वाद देताना त्यांचे दात इतके वाजत होते की एका शब्दाचे तीन तुकडे होऊन बाहेर पडत होते.

आमच्या महिला मंडळाच्या अध्यक्ष माई सौन्यामा. त्यांनी त्याच दुपारी सगळ्यांना बोलावलं. "पाळकांना क्रोशाची गोधडी करायची. आपण सात जणी, प्रत्येकीने बारा चौकोन. मधे चार पाकळ्यांचं फूल, भोवती खांबाच्या टाक्यांच्या तीन ओळी, कडेला काळी लोकर." मग साखरेच्या खोक्याचा पुठ्ठा कापून त्यांनी प्रत्येकीच्या हातात मापाचा तुकडा दिला. "या पुठ्ठ्याएवढा चौकोन. काय? एवढाच!"

आठवड्याने चौकोन जमा झाले. पाच जणींचे ठीक होते, त्यांत माझेही, म्हणजे माई कुंदाईचे. पण माई चेंगेताईचा एकेक चौकोन टेबलक्लॉथसारखा पसरलेला, टाक्यांतून बोट आरपार. आणि माई रुतेंदोचे? पहिला पुठ्ठ्याएवढा, दुसरा बशीएवढा, तिसऱ्यावर कपसुद्धा धड बसला नसता, आणि इतका टणक की टेबलावर टाकला तर आवाज आला.

"हा कधी केलास गं?" मी विचारलं.

"मंगळवारी," माई रुतेंदो ओठ आवळून म्हणाली. "मंगळवारी ह्यांनी माझी अंड्यांवर बसलेली कोंबडी उचलून बहिणीला दिली. अंड्यांवर बसलेली! आता अंड्यांवर मी बसू का?"

आम्ही सगळ्या तिच्या चौकोनांकडे बघत राहिलो. मग एकीने दुसरा उचलला. "आणि हा?"

"सोमवार. सायकल स्वयंपाकघरात आणून धुतली."

सगळा उलगडा झाला. बाई रागावली की लोकर खेचते. माई चेंगेताईचं उलटं. ती जन्मात कुणावर रागावलेली नाही. छप्पर उडालं तेव्हा म्हणाली होती, बरं झालं, चांदण्या दिसतील.

माई रुतेंदो घरी गेल्यावर माई सौन्यामांनी आवाज खाली आणला. "हिला खूश ठेवायचं, आणि चेंगेताईला चिडवायचं. दोघी आपोआप मापात येतील."

"मी इथेच बसलेय," माई चेंगेताई म्हणाली.

"मग बरंच झालं. चीड."

दुसऱ्या दिवसापासून आम्ही पाळीपाळीने चेंगेताईला चिडवायला लागलो. मी म्हटलं, "तुझी भोपळ्याच्या पानांची भाजी म्हणजे नुसतं गवत असतं." ती म्हणाली, "हो ना, दाण्याचं कूट घालायचंच विसरते मी," आणि हसता हसता पुढच्या चौकोनात तीन टाके जास्तीचे घातले. कुणी तिच्या टोपीला नावं ठेवली, तर तिने ती टोपी काढून तिलाच देऊन टाकली. चौथ्या दिवशी तिच्या एका चौकोनात आमच्या दोघींचे पाय झाकले गेले.

इकडे माई सौन्यामा स्वतः माई रुतेंदोच्या नवऱ्याकडे, बाबा रुतेंदोकडे गेल्या; आमच्यात लेकराच्या नावानेच आईला माई आणि बापाला बाबा म्हणतात. तो बिचारा कुंपणाला तार बांधत होता.

"बाबा रुतेंदो, दहा दिवस बायकोशी गोड वागायचं."

"का? ती आजारी आहे का?"

"चर्चचं काम आहे. प्रश्न नकोत."

माई सौन्यामांना नाही म्हणणारा पुरुष आमच्याकडे अजून जन्मायचा आहे. दुसऱ्या दिवशी बाबा रुतेंदोने सकाळी चहा करून बायकोला अंथरुणात दिला, सोबत उकडलेलं रताळं. तिसऱ्या दिवशी अंगण झाडलं. चौथ्या दिवशी तिच्या पायांना तेल चोळलं आणि म्हणाला, "तुझे पाय फार सुंदर आहेत."

पाचव्या दिवशी माई रुतेंदो माझ्या दारात आली. डोळे लाल.

"माई कुंदाई, ह्यांनी काहीतरी केलंय."

"काय केलंय?"

"तेच तर कळत नाही! वीस वर्षांत माझे पाय दिसले नव्हते ह्यांना. एक तर कुणी बाई आहे, नाहीतर गाय विकलीय. गोठ्यात जाऊन मी तीनदा गाई मोजल्या."

तिने पिशवीतून चौकोन काढले. टपाल तिकिटापेक्षा थोडेच मोठे. मला हसू आवरेना आणि खरं सांगायची हिंमतही होईना. मी तिला चहा पाजला आणि सरळ माई सौन्यामांकडे पळत सुटले.

शनिवारी बैठक बसली. माई रुतेंदो नवऱ्याला मनगटाला धरून घेऊनच आली. "सगळ्यांसमोर सांगा. गोडपणा कशासाठी चाललाय?"

बाबा रुतेंदोने माई सौन्यामांकडे पाहिलं. माई सौन्यामांनी खिडकीकडे पाहिलं. मग त्याने सगळं सांगून टाकलं: पुठ्ठा, चौकोन, दहा दिवस, तेल. सांगता सांगता त्याने टेबलावरचा टिकलीएवढा चौकोन उचलला, मग चेंगेताईचा भलामोठा उचलला, दोन्ही उजेडात धरले.

"एक विचारू?" तो म्हणाला. "मी कुंपणाला जाड तार बांधतो तेव्हा जाड पक्कड घेतो. हिला जाड सुई आणि चेंगेताईंना बारीक सुई दिली तर चालणार नाही का?"

आम्ही एकमेकींच्या सुयांकडे पाहिलं. आम्ही सात जणी, लहानपणापासून क्रोशा करणाऱ्या. माई सौन्यामांनी घसा साफ केला आणि म्हणाल्या, "तेच मी आता सांगणार होते."

आधी माई रुतेंदो हसली. इतकी हसली की बाकावरून घसरली. उठून तिने नवऱ्याला विचारलं, "म्हणजे पायांचं खोटंच होतं?"

"तेल चर्चसाठी होतं," तो खाली मान घालून म्हणाला. "पायांचं मी माझ्या मनाने बोललो."

त्या बाईने जाड सुईने तीन दिवसांत बारा चौकोन केले, एकही मापाबाहेर नाही. चेंगेताईला बारीक सुई मिळाली. आवळ टाके घालताना बोटं दुखतात म्हणून ती आयुष्यात पहिल्यांदा थोडी कुरकुरली, तेव्हा आम्ही टाळ्या वाजवल्या.

जुलैच्या पहिल्या रविवारी आम्ही गोधडी पाळकांच्या खांद्यावर घातली. लाल, पिवळी, हिरवी फुलं, भोवती काळी कड. त्यांचे दात वाजायचे थांबले. "देव तुमचं भलं करो," ते म्हणाले, पहिल्यांदाच एका दमात. मग गायकवृंदाचं गाणं ऐकायला खुर्चीत बसले, गोधडी हनुवटीपर्यंत ओढली, आणि दुसऱ्या कडव्याला चक्क घोरायला लागले.

गाणं संपलं. सगळे प्रवचनाची वाट बघत बसले. एक म्हातारेबुवा त्यांना उठवायला निघाले, तर माई सौन्यामांनी त्यांचा कोट धरला.

"असू दे," त्या कुजबुजल्या. "गेल्या रविवारी दीड तास बोलले होते."

आम्ही पायांचा आवाज न करता एकेक करून बाहेर पडलो आणि अंगणात उन्हात चहा घेत बसलो.