फाइल उघडली का, विचारणारी ओळ

मित्रांनो, मी एक जुनी ओळ आहे, संगणकाच्या प्रोग्रॅममधली. इस्पितळाच्या तळमजल्यावर आवाज साठवून ठेवण्याची एक छोटी खोली आहे. घशाच्या शस्त्रक्रियेत ज्यांचा आवाज जाणार असतो, ती माणसं आधी इथे येऊन बोलून ठेवतात. त्यांचं बोलणं फाइलमध्ये उतरण्याआधी मी एकच विचारते: फाइल खरंच उघडली का? नसेल, तर काम तिथेच अडवते.

मला लिहिलं इथल्या तंत्रज्ञ ताईंनी. सुरुवातीला माझं फार कौतुक झालं. मग नवे साहेब आले. एकदा पाहुण्यांसमोर मी काम अडवलं आणि त्यांचा पारा चढला.

"ही ओळ आहे की जकातनाका? काढून टाका!"

"साहेब, डिस्क भरली होती. तिने बरोबरच अडवलं."

"चारचौघांत शोभा झाली माझी. काढा म्हणतो ना!"

ताईंचा नाइलाज झाला. त्यांनी मला पुसलं नाही, पण माझ्यापुढे एक खूण टाकून मला मुकं केलं. ती खूण असली की संगणक ती ओळ वगळूनच पुढे जातो.

पुढे एक बस कंडक्टर आले, सोबत त्यांची लेक. नातवंडांसाठी ते सकाळभर गोष्टी सांगत राहिले. पडद्यावर अक्षरं उमटली, 'आवाज जतन झाला.' धादांत खोटं! फाइल उघडलीच नव्हती. सगळं माझ्या डोळ्यांदेखत वाऱ्यावर गेलं आणि मला ब्रही काढता येईना.

दुपारी ताई ऐकायला बसल्या, तर तिथे काहीच नाही! शस्त्रक्रिया दुसऱ्याच दिवशी होती. त्यांनी दोघांना वॉर्डातून बोलावलं आणि खरं ते सांगितलं.

"बाबांचा घसा बसलाय आता!" लेक कडाडली. "तो आवाज कुठून आणणार तुम्ही?"

"आधी रेकॉर्डिंग उरका," आवाज ऐकून आलेले साहेब घाईने म्हणाले, "ओळीचं नंतर बघू."

"नाही साहेब. आधी ओळ." ताईंनी साहेबांसमोरच ती खूण पुसली.

रेकॉर्डिंग सुरू करताच मी तत्क्षणी अडवलं. ताईंनी शोधलं, तर डिस्कची वायर सैल झालेली. ती घट्ट बसली, फाइल उघडली, तेव्हाच मी वाट सोडली.

गोष्टी गेल्या त्या गेल्याच. कंडक्टरांना फार बोलवेना. "चिमणे, रडतेस काय? अजून बोलतोय ना मी!" एवढं म्हणून ते खोकत खोकत हसले. ते हसणं मात्र अख्खं उतरलं.

मित्रांनो, मला अडेलतट्टू म्हणा, शिव्या घाला. पण मुकं करू नका. फाइल उघडली नसेल, तर मी अडवणार म्हणजे अडवणारच. समोर साहेब असोत की साहेबांचे साहेब!