लाटेवरचा कांदा

मनोहररावांना कोणी कोपर धरलेलं खपत नसे, आणि गेलं वर्षभर अख्खं नागपूर त्यांच्या कोपराला लटकून होतं.

त्याचं झालं असं, की मागच्या मे महिन्यात भर दुपारी सदरच्या चौकात ते चक्कर येऊन पडले. ऊन लागलं, दुसरं काही नाही. मौद्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेला इंजिनिअर, दोन सलाइनमध्ये उठून बसला. पण सकाळी फिरायला जाणाऱ्या मंडळात त्यांची पत गेली ती गेलीच. रस्ता ओलांडायचा म्हटलं, की महादेवराव लगबगीनं येऊन त्यांचं कोपर धरत. ते महादेवराव, ज्यांचे स्वतःचे दोन्ही गुडघे बदललेले! घरी जयाबाईंचं एकच पालुपद: त्या दिवशी खिशात कांदा नव्हता. लू लागू नये म्हणून खिशात कांदा ठेवायचा, ही त्यांच्या सासूबाईंची शिकवण. लग्न झाल्यापासून बाईंनी नवऱ्याच्या खिशात कांदा घातल्याशिवाय एक उन्हाळा जाऊ दिला नव्हता. चुकला तो तेवढा एक दिवस.

यंदा मुलीनं, अश्लेषानं, दोघांना सिंगापूरहून सुटणाऱ्या क्रूझवर धाडलं. जहाजावर नकली लाट असते आणि तिच्यावर फळी घेऊन उभं राहायचं असतं, हे कळताच मनोहररावांनी मंडळाच्या ग्रुपवर जाहीर करून टाकलं, की मी त्या लाटेवर उभा राहणार आणि व्हिडिओ पाठवणार. महादेवरावांनी तो एकदा पाहिला, की आपलं कोपर सुटलं, असा त्यांचा साधा हिशेब होता.

तिसऱ्या दिवशी ते हाफ पँट चढवून निघाले, तर जयाबाई दारात आडव्या. हातात कांदा. जेवणघरातल्या वाढप्याच्या मागे लागून त्यांनी अख्खा, न सोललेला मिळवला होता.

"समुद्रात लू कुठून येईन वं?" मनोहरराव म्हणाले.

"सूर्य तर तोच हाये ना?"

इंजिनिअरनं खिसा पुढे केला. कांदा खिशात गेला.

वर डेकवर शिकवायला एक धिप्पाड गोरी बाई होती, गळ्यात शिट्टी. खिसे रिकामे करा, असं तिनं खुणेनं सांगितलं. मनोहररावांनी चष्मा दिला, कंगवा दिला, खोलीचं कार्ड दिलं. मग हात कांद्यापाशी अडखळला. मागे रांगेत वीस-पंचवीस माणसं, त्यात एक गुजराती कुटुंब तर टक लावून बघत होतं. एवढ्या लोकांसमोर खिशातून कांदा काढायचा? हात तसाच रिकामा बाहेर आला.

पाणी उतारावरून खाली यायचं सोडून वर धावत होतं, हेच मुळात त्यांना पटेना. बाईनं दोन्ही हात धरून त्यांना फळीवर उभं केलं आणि हात सोडले. झालं! डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच पाण्यानं त्यांना उलटंपालटं करत वरच्या गादीवर नेऊन आपटलं, आणि त्या धबडग्यात कांदा खिशातून निसटला.

तो मुकाट वाहून गेला असता तर बरं झालं असतं. पण बेटा उताराच्या मधोमध थांबला. पाणी त्याला वर ढकलत होतं, उतार खाली ओढत होता, आणि हा आपल्या जागी गरगर फिरत मजेत उभा. लोक मोजायला लागले. चाळीसवर आले तेव्हा शिट्टी वाजली आणि पाणी बंद पडलं.

बाईनं कांदा उंच धरून विचारलं, कोणाचा? मनोहररावांनी ठामपणे मान हलवली, माझा नाही.

मग त्यांची नजर वरच्या कठड्याकडे गेली. व्हिडिओ काढायला उंच धरलेला फोन जयाबाईंनी खाली घेतला होता. त्या रागावल्या नव्हत्या, फक्त त्यांनी तोंड दुसरीकडे वळवलं. इतके उन्हाळे ही बाई आपल्याला जपत आली, आणि आपण चार परक्या माणसांना भिऊन तिचा कांदा नाकारला. पडल्याची वाटली नव्हती तेवढी लाज त्यांना याची वाटली.

"मेरा है," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "मेरी मिसेस ने दिया है. लू नहीं लगती इससे."

गोऱ्या बाईला ओ की ठो कळलं नाही. गुजराती कुटुंबानं मात्र तिला सगळं समजावून सांगितलं आणि वर टाळ्या वाजवल्या. तिनं कांदा कंगव्याशेजारी नीट ठेवला आणि मनोहररावांना पुन्हा फळीवर बोलावलं. या खेपेला ते उभे राहिले. हात पसरून, एकटे, सात सेकंद.

धापा टाकत ते वर गेले आणि व्हिडिओ मागितला. तो नव्हताच. ते उभे होते तेवढा वेळ जयाबाई डोळे मिटून, हात जोडून बसल्या होत्या. फोनमध्ये होता तो चाळीस सेकंदांचा कांदा.

संध्याकाळी त्यांनी तोच ग्रुपवर पाठवला. खाली लिहिलं, "हा आमच्या घरचा कांदा. मी सात सेकंद उभा होतो, पण पुरावा नाही."

नागपूरला परतल्यावर पहिल्याच सकाळी रस्ता ओलांडायची वेळ आली. महादेवराव लगबगीनं आले. मनोहररावांनी कोपर अंगाशी घट्ट धरलं. पण महादेवरावांनी कोपराला हात लावला नाही. त्यांनी वरूनच खिसा चाचपला, आतला गोळा हाताला लागला तसे ते निर्धास्त झाले.

"हाये ना गा? मंग चाला."

एवढं बोलून ते पुढे निघाले. सकाळी सहा वाजता लू नसते, हे दोघांनाही ठाऊक होतं. वर्षभरानंतर मनोहररावांनी पहिल्यांदाच तो रस्ता एकट्यानं ओलांडला.