पहिला घोट जमिनीला

मी एक जुने पिंप आहे. खरे तर अर्धेच. उरलेले अर्धे कुठे गेले, तेच सांगायचे आहे. मित्रांनो, बियरचे पिंप म्हटल्यावर नाक मुरडू नका. तुम्हाला पाजायला मी आलेले नाही, आणि माझ्यात आता नुसते पाणी असते.

माझा जन्मच मारहाणीतून झाला. ओकचे झाड कुऱ्हाडीने आडवे केले, पाचरी ठोकून उभे फाडले. फळ्या वाफेवर वाकवल्या, पोटात जाळ पेटवून मला आतून काळे केले आणि हातोड्याने बडवत लोखंडी पट्टे चढवले. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही म्हणतात. मला देवपण काही मिळाले नाही, एका छोट्या ब्रुअरीतला कोपरा मिळाला.

तिथला म्हातारा मालक माझ्यात एल भरायचा. एल म्हणजे दाट, गडद, जहाल बियर. माझ्या जळक्या लाकडाची चव पीत ती महिनोन्महिने पडून राहायची. ती पिकली का हे बघायला त्याने माझ्या तोंडच्या फळीत बारीक भोक पाडून स्टीलचा खिळा बसवला होता. पकडीने खिळा उपसला की सुतासारखी धार यायची. पहिली धार तो नेहमी जमिनीवर सोडायचा. भोकाशी साचलेल्या घोटावरून पिंपाची परीक्षा करायची नसते, असे दोन्ही मुलांना बजावायचा. मग ग्लास भरून घोट तोंडात घोळवायचा आणि माझ्या पोटावर थाप मारायचा. त्या थापेसाठी मी पुन्हा जळायला तयार होते.

शेवटची एल भरली आणि म्हातारा गेला. नीट पिकू द्या, मग दोघे मिळून चाखा, एवढेच सांगून गेला. त्याच्या हातची एल आता जगात फक्त माझ्या पोटात होती.

थोरल्याला कसला धीर! धाकटा नसताना तो एकटाच आला. घाईत उपसलेला खिळा निसटून गटारात गेला आणि धार वाहू लागली. त्याने भोकावर अंगठा दाबला. बापाचा एप्रन शेजारच्या भिंतीवर एका खिळ्याला टांगलेला होता. तोच खिळा त्याने पकडीने ओढून काढला, माझ्यात ठोकला आणि वर मेण फासले. एप्रन जमिनीवर तसाच पडला. तो खिळा साधा लोखंडी होता. मित्रांनो, लोखंड पिंपाच्या बाहेर असले तर आधार देते, आत शिरले तर चव मारते. खिळ्याभोवतीचा घोटभर रस काळा पडत गेला. बाकी सगळे पोट उत्तम होते, पण मी सांगणार कसे?

चाखायच्या दिवशी दोघे भाऊ आणि थोरल्याची बायको माझ्यासमोर उभी राहिली. थोरल्याने खिळा काढून फेकला आणि पहिलीच धार ग्लासात घेतली. शाईसारखी काळी. एक घोट घेऊन तो थुंकला आणि धाकट्यावर उलटला. पिंप तुझ्या ताब्यात होते, बाबांची शेवटची एल तूच नासवलीस, म्हणाला. चोराच्या उलट्या बोंबा, दुसरे काय!

धाकटा शांतपणे म्हणाला, "दादा, पहिला घोट टाकायचा असतो. दुसरा घे."

"मला शिकवतोस? तू बाबा झालास का?"

पट्टे ठोकायचा हातोडा माझ्या शेजारीच होता. पहिला घाव धाकट्याच्या मनगटावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मला ओळखीचा वाटला, सुके लाकूड फुटते तसाच. तो माझ्या अंगावर कोसळला. दुसरा घाव त्याच्या डोक्यासाठी उठला होता. वहिनीने नवऱ्याचा दंड मागून ओढला आणि तो घाव माझ्या तोंडावर आला. फळी फुटली. धाकट्याच्या कपाळावरून, कपड्यांवरून बापाची एल वाहत गटारात गेली. खूप वेळ वाहत होती.

वहिनीने माझ्या तळाशी उरलेली एल ओंजळीत घेऊन चाखली आणि तिला रडूच फुटले. तिने ग्लास भरून नवऱ्यापुढे धरला.

"प्या."

तो प्यायला. गोड, जळकी, जहाल. त्याचा बापच त्या घोटात होता. मग तिने जमिनीवरचा काळा खिळा उचलून त्याच्या तळहातावर ठेवला.

"हा बाबांच्या एप्रनचा, भिंतीतला ना?"

त्याने भिंतीकडे पाहिले नाही. हातोडा मात्र खाली पडला.

माझे फुटके अर्धे जळणात गेले, उरलेले अंगणात आहे. धाकट्याचे मनगट आता वळत नाही. मित्रांनो, कोरड्या पिंपाच्या फळ्या सुटतात, म्हणून कुठे पिंप दिसले तर मगभर पाणी घाला. आणि पहिला घोट कडू लागला, तर हातोड्याकडे बघू नका. तो जमिनीवर ओता आणि ग्लास पुन्हा पुढे करा.

थोरला रोज मला पाणी घालायला येतो. पहिला मग जमिनीवर ओततो, नंतर दाराकडे बघत थांबतो. धाकटा आत असतो. अजून एकदाही तो बाहेर आलेला नाही.