पट्टीखालचा पिवळा दिवा

गाडी सतरा वर्षांची होती आणि तिला मी चौथा मालक मिळालो होतो. तिसरा मालक फार सज्जन. विकताना पॅनेलकडे बोट दाखवून म्हणाला, "बघून घ्या साहेब, एकही दिवा लागलेला नाही." मी भारावलो. बायको भारावली नाही. तिने गाडीभोवती एक चक्कर मारून निकाल दिला, "ज्या दिवशी यात दिवा लागेल, त्या दिवशी ही भंगारात. सोबत कोणाला जायचं असेल त्याने जावं."

लेकीला मात्र गाडी आवडली. ती नर्स, सकाळची पाळी, वाटेत रेल्वेचं फाटक. मी तिला रीतसर शिकवण दिली. इंजिनचा पिवळा दिवा लागला तर गाडी बाजूला घ्यायची, नाही लागला तर खुशाल चालवायची. तेलाचा आणि बॅटरीचा लाल, ते इंजिन बंद पडलं की लागतातच, मनावर घ्यायचं नाही. आणि चालवताना फोन उचलायचा नाही. निवृत्त माणसाला शिष्य मिळाला की तो काही शिल्लक ठेवत नाही.

महिन्याभरात गाडी बंद पडू लागली. गार असताना शहाण्यासारखी चालायची. वीस मिनिटं झाली की चालता चालता गप्प. पाव तासाने पुन्हा चालू, जणू काही झालंच नव्हतं. आमच्याकडे असे दोन-तीन नातेवाईक आहेत, त्यामुळे मला फारसं नवल वाटलं नाही. तरी गॅरेजात नेली.

मिस्त्रीने चावी अर्धी फिरवली आणि पॅनेलकडे बघत बसला. पुन्हा फिरवली.

"काका, चावी दिली की सगळे दिवे एकदा लागतात. हजेरी असते ती. तुमचा पिवळा हजेरीला येत नाही."

"शिस्तीचा असेल. कारणाशिवाय तोंड उघडत नसेल."

तो हसला नाही. पॅनेल खोलून त्याने मागची बाजू माझ्यासमोर धरली. पिवळ्या दिव्यावर काळी चिकटपट्टी होती. कडा कात्रीने नीट कापून, अगदी मायेने लावलेली. त्याने ती सोलली आणि गाडी चालू केली. दिवा लागला, तो विझेचना.

मग मशीन जोडून त्याने दोष काढला. इंजिनचे फेरे मोजणारा एक सेन्सर तापला की मरत होता, गार झाला की जिवंत होत होता.

"नवा परवा येईल. आता हळू घरी न्या आणि तोवर हलवू नका. ही कुठेही थांबेल."

"परवापर्यंत तेवढी पट्टी परत लावता?"

"कशाला?"

"घरात शांतता राहील."

त्याने मला एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मी नाही लावणार," म्हणाला, आणि पट्टी माझ्या तळहातावर ठेवून हात धुवायला गेला.

मी लावली. कडा मला तितक्या सुबक जमल्या नाहीत. त्याने पॅनेल बसवून दिलं.

घरी बायकोने विचारलं, "काय म्हणाला?"

"दिवा नाही, काही नाही."

हे एका अर्थी खरंच होतं.

सकाळी दाढी करताना मी लेकीला मारायची थाप आरशासमोर घोळवत होतो: टायर बसलाय, दोन दिवस बसने जा. तिसऱ्यांदा घोळवली तेव्हा मलाही खरी वाटली. बाहेर आलो तर चावीचा खिळा रिकामा.

"कधी गेली?"

"झाली की पंधरा मिनिटं. लवकर बोलावलंय," बायको म्हणाली. "मी विचारलं तिला, दिवा आहे का. नाही म्हणाली."

फाटक आमच्या घरापासून वीस मिनिटांवर. मी फोन लावला. वाजत राहिला. गुणी मुलगी, चालवताना उचलत नाही. पुन्हा लावला, पुन्हा लावला. बायको माझ्या गालावरच्या साबणाकडे बघत होती, मग माझ्या हातातल्या फोनकडे बघू लागली.

"काय झालंय?" तिने विचारलं. आवाज नेहमीचा नव्हता.

तेवढ्यात लेकीचाच फोन आला.

"बाबा, बंद पडली. काळजी करू नका, पिवळा लागलेला नाही. लाल दोन लागलेत, ते लागतातच म्हणालात ना."

"कुठे आहेस?"

"फाटकावर. म्हणजे, फाटकातच."

तिच्या मागे कुठेतरी घंटा वाजायला लागली.

"उतर. गाडी सोड आणि उतर."

"अहो बाबा, पिवळा नाहीये म्हटलं ना. थांबा, एकदा चावी फिरवून बघते."